वेबसाइट वर्गात नेण्याआधी: नव्या शिक्षकांसाठी पारखण्याची रीत

जून उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंकांचा पाऊस सुरू होतो. ‘इयत्ता पाचवी, सर्व विषय, मोफत’, ‘चौथीच्या वर्कशीट एका क्लिकवर’, ‘सर्व स्वाध्यायांची उत्तरे’. नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षकाला वाटतं, चला, सगळं तयारच आहे की. त्यातलं काही खरोखर उत्तम असतं, काही जुनाट, काही दुसऱ्याचं उचललेलं आणि काही साफ चुकीचं. दिसायला मात्र सगळं एकाच छापाचं: झगझगीत रंग, हसरी मुलं आणि कोपऱ्यात पदवीची टोपी घातलेलं घुबड.

मुंबईतल्या मराठी शाळांत नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी आणि डी.एल.एड., बी.एड.च्या सरावपाठांसाठी साहित्य शोधणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईबाबांच्याही कामी येईल. अख्खी वेबसाइट चांगली की वाईट हे ठरवत बसू नका. उद्या जे एक पान वर्गात दाखवायचं आहे तेवढंच पारखा, आणि सुरुवात स्वतःला पक्क्या ठाऊक असलेल्या गोष्टीपासून करा. मुंबईत राहणाऱ्याकडे अशा गोष्टींचा साठा मोठा असतो.

पायरी १: शोधायला बसण्याआधी एक वाक्य लिहा

कागदावर लिहा: ‘या पानामुळे मुलांना अमुक एक गोष्ट कळली पाहिजे.’ उदाहरणार्थ, ‘बाष्पीभवन झालेलं पाणी परत खाली कसं येतं हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगावं.’ हे वाक्य हाताशी नसलं की माणूस चांगल्या अ‍ॅनिमेशनला भुलतो आणि मग त्या अ‍ॅनिमेशनसाठी धडा शोधत बसतो. पस्तीस मिनिटांच्या तासाला ते परवडत नाही.

पायरी २: पान कोणाचं आहे?

‘आमच्याविषयी’ उघडा. माणसांची नावं, संस्थेचा पत्ता, काम कधीपासून चालू आहे, हे आहे का? ‘अनुभवी शिक्षणतज्ज्ञांची टीम’ एवढंच लिहिलेलं असेल तर काहीच लिहिलेलं नाही असं धरा. वेबपत्त्याचं शेपूटही पाहा. गव्ह डॉट इन हे शेपूट सरकारी कार्यालयांनाच मिळतं, एसी डॉट इन शिक्षणसंस्थांना. डॉट ओआरजी मात्र पैसे भरून कोणीही घेऊ शकतं. ओआरजी दिसलं की ‘समाजसेवी संस्था असणार’ असं समजणारे अजून खूप आहेत.

यानंतरचं काम बहुतेक जण करत नाहीत आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. त्या वेबसाइटवरून बाहेर पडा. संस्थेचं किंवा लेखकाचं नाव नव्या टॅबमध्ये टाकून बघा, बाकीचे तिच्याविषयी काय म्हणतात. बातम्यांची सत्यता तपासणारे पत्रकार असंच करतात. पानावर दहा मिनिटं घालवून त्याचा चेहरामोहरा न्याहाळत बसत नाहीत. स्वतःची स्तुती कोण करत नाही?

पैसा कुठून येतो हेही शोधा. मागे कोचिंग क्लास आहे, प्रकाशक आहे, विद्यापीठाचं अनुदान आहे की जाहिराती? क्लासवाल्याचं साहित्य वाईटच असेल असं नाही. पण त्याची सराव चाचणी तुमच्या मुलाला ‘कच्चा’ ठरवून क्लासची जाहिरात दाखवणार असेल, तर ते आधी कळलेलं बरं.

पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत तर आडवाटेला जायचं कारणच नाही. पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, १९६७ मध्ये स्थापन झाली आणि तिची पुस्तकं तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. तरीही लोक भलत्याच साइटवरून उतरवून घेतात आणि जुनी आवृत्ती गळ्यात पडते. नववीचा अभ्यासक्रम २०१७ मध्ये बदलला, दहावीचा २०१८ मध्ये. त्याआधीच्या पुस्तकांवरचे ‘नोट्स’ आजही सुखेनैव फिरत आहेत. मुखपृष्ठाच्या पुढच्या पानांवर प्रथमावृत्ती आणि पुनर्मुद्रणाचं साल छापलेलं असतं. आधी ते बघायचं, मग धडा.

पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की उघडणारं दीक्षा हे २०१७ साली सुरू झालेलं सरकारी व्यासपीठ. तिथलं साहित्य अनेक हातांनी तयार झालेलं आहे, त्यामुळे दर्जा खालीवर होतो. सरकारी शिक्का आहे म्हणून व्हिडिओ न बघता थेट वर्गात लावू नका.

पायरी ३: आपल्या गावची परीक्षा घ्या

ज्या विषयात तुम्ही कच्चे आहात, त्यातली चूक तुम्हाला कशी दिसणार? म्हणून त्याच साइटवर आधी तुमच्या ओळखीचा विषय काढा. मी तीन प्रश्न नेहमी वापरतो.

पहिला, रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, अंतर ३४ किलोमीटर, डबे १४, प्रवासी सुमारे ४००, इंजिनं तीन: साहिब, सिंध आणि सुलतान. एवढं बहुतेक साइट बरोबर देतात, कारण सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून घेतलेलं असतं. खरी पारख पुढे आहे. ‘पहिली गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भव्य इमारतीतून सुटली’ असं वाक्य दिसलं, किंवा त्या मजकुराला आजच्या इमारतीचं चित्र जोडलेलं असलं, की थांबा. त्या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये पुरं झालं. १८५३ मध्ये ती कोणाच्या स्वप्नातही नव्हती. दुसरी खोच अशी की ‘भारतातली पहिली रेल्वे’ हे अर्धवट आहे. मालवाहतुकीसाठी मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच रूळ पडले होते. ‘पहिली प्रवासी रेल्वे’ असं जपून लिहिणाऱ्याने बाकीची पानंही जपून लिहिली असण्याचा संभव जास्त.

दुसरा प्रश्न, जिल्ह्यांचा. महाराष्ट्रात जिल्हे किती? १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यापासून ३६. साइट ३५ म्हणत असेल तर त्या पानाला तेव्हापासून कोणाचा हात लागलेला नाही. ‘अद्ययावत: २०२५’ अशी पट्टी वर असली आणि आत ३५ असले, तर पट्टी आपोआप बदलते आहे एवढंच सिद्ध होतं. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये जिल्ह्यांना लागली, अहिल्यानगर २०२४ मध्ये, तीही बघा. देशाच्या पानावर २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश हवेत. लडाख वेगळा झाला २०१९ मध्ये, आणि जानेवारी २०२० मध्ये दमण-दीव व दादरा-नगर हवेली एक झाले.

नकाशाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. परदेशी साइटवरच्या भारताच्या नकाशात जम्मू-काश्मीरची हद्द बहुधा तुटक रेषेने किंवा वेगळ्या रंगाने दाखवलेली असते. असा नकाशा शाळेच्या भिंतीवर किंवा प्रश्नपत्रिकेत गेला तर मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागेल. नकाशा हवा असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा किंवा पाठ्यपुस्तकातलाच घ्या.

तिसरा प्रश्न घारापुरीचा, पण तो संस्कृतीच्या पायरीवर घेऊ.

इथे एक सावधगिरी. पाच साइटवर एकच गोष्ट सापडली म्हणजे पाच पुरावे झाले असं नाही. वाक्यरचना तीच, विशेषणं तीच, ऱ्हस्व-दीर्घाची चूकही तीच असेल तर ते पाच आरसे आहेत, माणूस एकच. मराठी निबंधांच्या साइटवर हा प्रकार कळसाला पोचला आहे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ कुठेही उघडा, तेच बेडूक तसेच डराव डराव करतात. शोधाच्या वर आपोआप तयार होऊन येणारा यंत्राचा सारांशही यातच धरा. तो वाचायला हरकत नाही, पण खाली दिलेला मूळ दुवा उघडून बघितल्याशिवाय फळ्यावर जाऊ देऊ नका.

विश्वकोश आणि विकिपीडिया यांच्यापैकी कोणाला मानायचं, असं नवे शिक्षक हमखास विचारतात. दोघांचे गुणदोष उलटसुलट आहेत. मराठी विश्वकोशातल्या नोंदींखाली लेखकाचं नाव असतं आणि बहुतेकदा संदर्भही असतात. भाषा काटेकोर. पण पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि छापील खंडांतल्या बऱ्याच नोंदी तशाच्या तशा आंतरजालावर आल्या आहेत, तेव्हा लोकसंख्येचे आकडे, प्रशासकीय विभाग, अवकाशविज्ञान यांत काळ गोठलेला सापडेल. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळलं ते २००६ मध्ये. त्याआधी लिहिलेल्या नोंदीत तो ग्रहच असणार, आणि तो लेखकाचा दोष नव्हे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथे उलट ताजेपणा मिळतो, पण लेखामागे कोण हे कळत नाही. त्यावर उपाय तिथेच आहे: ‘इतिहास पहा’ आणि ‘चर्चा’ हे दोन दुवे उघडा. कोणी काय बदललं, कशावरून वाद झाला, सगळं दिसतं. तळाशी संदर्भ नसलेला परिच्छेद वर्गात वापरू नका, इतका साधा नियम ठेवा. नववी-दहावीच्या मुलांना तो इतिहास दाखवून बघाच. ज्ञान कसं घडतं याचा तो आयता पाठ आहे.

पायरी ४: मराठी कुठून आली आहे ते बघा

बऱ्याच ‘मराठी’ साइट मुळात हिंदी किंवा इंग्रजी असतात आणि यंत्राने मराठीत उतरवलेल्या असतात. वाक्य कानाला खटकणं हा झाला वरवरचा त्रास. विज्ञानात मात्र अर्थच बदलतो. आपल्या पाठ्यपुस्तकात अणू म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण आणि अणू एकत्र येऊन रेणू होतो. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. त्यामुळे हिंदीवरून घाईत आलेल्या पानावर ‘पाण्याचा अणू हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून बनतो’ असं वाक्य बिनदिक्कत येतं. आठवीतलं मूल ते वहीत उतरवतं आणि परीक्षेत गुण गमावतं, वर त्याला आपली चूक काय हेही उमगत नाही. घनतेऐवजी ‘घनत्व’, उष्णतेऐवजी ‘ऊष्मा’ दिसलं तरी कान टवकारा. विज्ञानाचं पान उघडलं की पाठ्यपुस्तकातल्या पाच संज्ञा निवडायच्या आणि त्या पानावर शोधायच्या. दोन मिनिटांचं काम.

इंग्रजीतून आलेल्या पानांची खोड वेगळी. तिथे चार ऋतू असतात, शरदात पानं लाल होतात, हिवाळ्यात अंगणात बर्फाचा माणूस उभा राहतो. आपल्या मुलाला उन्हाळा, पावसाळा, हिवाळा ठाऊक, आणि मुंबईचा हिवाळा म्हणजे जानेवारीत दोनदा स्वेटर. तापमान फॅरनहाइटमध्ये, लांबी इंचांत, आणि मोठ्या संख्येत स्वल्पविराम दर तीन अंकांवर. आपल्याकडे एक लाख १,००,००० असा लिहितात. तिसरी-चौथीच्या मुलासमोर १००,००० ठेवलं तर स्थानिक किंमतीचा सगळा खेळ विस्कटतो.

जलचक्राचंच घ्या. आयत्या चित्रात हिमशिखर असतं, त्यावरून झरा निघतो. हे चित्र टाकून द्या असं मी म्हणणार नाही, हिमालय आपलाच आहे. पण शेजारी दुसरं चित्र मुलांकडून काढून घ्या: अरबी समुद्र, सह्याद्री, जूनचे ढग आणि मुंबईला पाणी देणारे सात तलाव. तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. यातले पहिले दोन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतच आहेत. घरी नळाला पाणी किती वाजता येतं हे मुलांना तोंडपाठ असतं, ते चित्राला जोडा. हिमशिखरापेक्षा ते पटकन डोक्यात शिरतं.

पायरी ५: संस्कृतीचं पान असेल तर जास्त वेळ द्या

इथे आकडे चुकत नाहीत, माणसं चुकतात. म्हणून विचारायचं: या पानावर कोण बोलतंय, आणि ज्यांच्याविषयी बोललं जातंय त्यांचा आवाज कुठे आहे?

घारापुरीची लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. गेटवेवरून लाँचने तासाभरात पोचता येतं, म्हणून कित्येक पानं ती ‘मुंबई जिल्ह्यात’ टाकतात. बेट येतं रायगड जिल्ह्यात. ही झाली किरकोळ चूक. मोठी चूक मुख्य शिल्पाची. तीन मुखं दिसतात, लोक त्रिमूर्ती म्हणतात, तेव्हा ‘ब्रह्मा, विष्णू, महेश’ असं लिहून साइट मोकळी होते. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक ते सदाशिवाचं शिल्प मानतात: तिन्ही मुखं शिवाचीच. मधलं ध्यानस्थ, आपल्या डाव्या हाताचं उग्र, हाती साप असलेलं, आणि उजवीकडचं कोवळं, हाती कमळ धरलेलं. सहलीआधी मुलांना पान दाखवणार असाल तर दोन्ही म्हणणी सांगा आणि तिथे गेल्यावर साप-कमळ शोधायला लावा. मुलं शोधतात, आणि मग पानावरचं काय खोटं ते त्यांचं त्यांना कळतं.

दिवाळीचं पान घ्या. परदेशी शिक्षकांसाठी लिहिलेल्या धड्यांत दिवाळी म्हणजे राम अयोध्येला परतले, दिवे लागले, मिठाई वाटली, संपलं. यात खोटं काहीच नाही. पण गिरगाव-परळच्या मुलाची दिवाळी यात कुठे आहे? वसुबारस नाही, नरकचतुर्दशीचं पहाटेचं अभ्यंगस्नान नाही, बळीच्या नावाचा पाडवा नाही, आणि मुख्य म्हणजे चाळीच्या अंगणातला मातीचा किल्ला नाही. भारतातल्या शंभर प्रकारच्या दिवाळ्यांतली एक उचलून ‘भारतीय दिवाळी’ म्हणणारी साइट बाकीच्या देशांच्या सणांशी कशी वागत असेल याचा अंदाज तिथेच येतो. हा मोजमापाचा उत्तम दोरा आहे: आपल्या घरच्या गोष्टीत तिने काय गाळलं ते बघा, मग तिने लिहिलेलं जपान किंवा केनिया वाचा.

वारली चित्रांचंही असंच होतं. ‘सोप्पं वारली आर्ट’ म्हणून त्रिकोणाला त्रिकोण जोडायला शिकवणारी पानं ढिगाने आहेत. त्यातल्या किती पानांवर हे सांगितलेलं असतं की गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ही चित्रं काढली जायची, लग्नघरात सवासिनी चौक (चौकोनी चित्र) लिहायच्या आणि त्यात पालघट देवी असायची? जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली; त्यांचं नाव तरी असतं का? आणि वारली ‘पूर्वी राहत असत’ अशा भूतकाळात लिहिलं असेल तर ते पान बंदच करा. आरे कॉलनीच्या पाड्यांत वारली कुटुंबं आज राहतात. त्यांचं मूल तुमच्या वर्गात बसलेलं असू शकतं, आणि पडद्यावर त्याच्या आजीला भूतकाळात टाकलेलं ते बघत असेल. कोळ्यांच्या बाबतीत टोपली आणि नाच यापलीकडे पान जातं का बघा. वरळी कोळीवाड्यातल्या पालकांना नारळी पौर्णिमेला वर्गात बोलावलंत तर कोणत्याही साइटपेक्षा तास चांगला होईल.

पायरी ६: मुलांची माहिती आणि जाहिराती

साइट शिक्षकाच्या मोबाइलवर वेगळी दिसते, मुलाच्या घरच्या मोबाइलवर वेगळी. म्हणून खाजगी विंडोत, लॉगिन न करता उघडा. पीडीएफच्या आसपास तीन-तीन ‘डाउनलोड’ बटणं असतील तर त्यातली दोन जाहिरातींची असणार. मूल कुठे दाबेल?

नाव, इयत्ता, पालकांचा मोबाइल, ओटीपी मागितल्याशिवाय वर्कशीट देत नसेल तर ती लिंक ग्रुपवर टाकू नका. एका वर्गाने अशा चाचणीत नंबर भरले आणि पुढचा महिनाभर पालकांना प्रवेशासाठी फोन येत राहिले. बोलणी शिक्षिकेने खाल्ली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती मागतो. ‘मी नववीचा विद्यार्थी आहे’ एवढी टिकमार्क म्हणजे ती संमती नव्हे.

पायरी ७: वापरायची परवानगी

शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या नकलेला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. पण तेच चित्र शाळेच्या वार्षिकांकात, फीच्या पत्रकावर किंवा तुमच्या यूट्यूब चॅनेलवर गेलं की ही सवलत गृहीत धरू नका. क्रिएटिव्ह कॉमन्सचं चिन्ह असेल तर अक्षरं वाचा: ‘बीवाय’ म्हणजे नाव द्या, ‘एनसी’ म्हणजे धंदा करू नका, ‘एनडी’ म्हणजे बदलू नका, ‘एसए’ म्हणजे बदललंत तर त्याच अटींवर पुढे द्या. अनुवाद हाही बदलच.

पायरी ८: शाळेत, शाळेच्याच नेटवर

घरच्या वायफायवर सुरेख चालणारं पान शाळेच्या प्रोजेक्टरवर गोल गोल फिरत राहतं. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच मशीनवर लावून बघा. खिडकीतून ऊन येत असेल तर फिकट अक्षरं मागच्या बाकावरून दिसत नाहीत, तेही बघा.

नेट नसताना चालणाऱ्या गोष्टींना मी झुकतं माप देतो. कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातली विज्ञान-गणिताची बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि उतरवून घेऊन नेटशिवाय चालवता येतात. अनुवादाची अणू-रेणू चाचणी त्यांनाही लावा. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी करायच्या कृती आहेत. एकदा व्हिडिओ बघितला की वर्गात फक्त काडेपेट्या आणि स्ट्रॉ लागतात. आणि मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर हार्बर लाइनवरच आहे. तिथलं साहित्य पडद्यावर बघून शंका आली तर थेट जाऊन विचारता येतं, ही सोय बाकीच्या महाराष्ट्राला नाही.

पायरी ९: नोंद ठेवा

स्टाफरूममध्ये एक वही ठेवा. पानाचा पत्ता, इयत्ता आणि धडा, कोणी तपासलं, कोणत्या तारखेला, काय चुकीचं सापडलं, वर्गात काय झालं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा, आणि तोच रिकामा राहतो. ‘मुलांना मजा आली’ असं लिहू नका. पायरी १ मधलं वाक्य पुरं झालं का ते लिहा. चूक सापडली तर त्या साइटला कळवा. दोन ओळींची मेल पुरे. दुरुस्ती किती दिवसांत होते, की उत्तरच येत नाही, तेही वहीत टिपा.

आठवीपासून पुढच्या वर्गांना ही वही भरायला द्या. जोडीला एकच विषय, दोन वेगळी पानं, आणि पाठ्यपुस्तक बंद. सुरुवातीला बोरीबंदरचा प्रश्न द्या, मग त्यांच्या वस्तीचा. कुर्ला, भायखळा, माझगाव, जिथे ती राहतात तिथला. आजीआजोबांना विचारून आलेलं मूल साइटवर लाल पेन चालवतं तेव्हा त्याला थांबवू नका. फक्त विचारा, आजोबांना हे कुठून कळलं?

जूनमध्ये वही पुन्हा काढून सगळे पत्ते एकेकदा उघडून बघा. काही बंद पडलेले असतील, काहींच्या जागी भलतीच जाहिरात आलेली असेल. त्यांच्यावर काट मारा आणि मग ग्रुपवर आलेल्या नव्या लिंकांकडे वळा.